डोंगरी बुजुर्गचा काळा दगड आणि वीज वाहणारे मीठ

थ्रेड : भंडारा जिल्ह्याच्या उत्तरेस, तुमसर तालुक्यात, डोंगरी बुजुर्ग नावाची उघडी खाण आहे. तिथला दगड काळा, जड आणि हाताळला की बोटे काळी करणारा. त्यातला मुख्य उपयोगी पदार्थ मँगनीज डायऑक्साइड. भिंतीवरच्या घड्याळात किंवा टॉर्चमध्ये जो सेल बसतो, तो फोडला तर आतून निघणारी काळी भुकटी बव्हंशी याच पदार्थाची असते.

हा पदार्थ अर्धसंवाहक आहे. तो वीज वाहतो, पण मोठ्या अनिच्छेने. १९८३ साली जपानमध्ये एका लहानशा विद्युत्-उपकरणात त्याची जागा एका सेंद्रिय मिठाने घेतली. कार्बन, हायड्रोजन आणि नायट्रोजन यांखेरीज ज्यात काही नाही, धातूचा एक अणूही नाही, असे मीठ वीज कसे वाहू लागले? तो इतिहास अवघ्या दोन दशकांचा आहे, आणि त्याच्या ऐन मध्यावर सोन्याच्या चार तारांनी मातब्बर शास्त्रज्ञांना चकवल्याचे एक प्रकरण आहे.

आधी दगडाविषयी. मध्य प्रांतातील मँगनीजचा शोध घेण्यासाठी १८९६ साली ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट’ ही ब्रिटिश कंपनी उभी राहिली. पुढे तिचेच नाव ‘सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी’ झाले. नागपूर, भंडारा, बालाघाट या पट्ट्यातला दगड रेल्वेने बंदराकडे आणि तिथून युरोपच्या पोलाद भट्ट्यांकडे जाऊ लागला. भारतीय भूविज्ञान सर्वेक्षण खात्यातील लुईस ली फर्मोर यांनी या साठ्यांवर हजाराहून अधिक पानांचा ग्रंथ लिहिला. तो १९०९ साली प्रसिद्ध झाला. मँगनीजयुक्त गार्नेट आणि क्वार्ट्झ यांच्या इथल्या खडकाला त्यांनी ‘गोंडाइट’ हे नाव दिले, ते गोंड लोकांवरून. जगभरच्या भूविज्ञानाच्या पुस्तकांत गोंडांचे नाव शिरले, ते असे.

१९६२ साली या खाणींची मालकी पालटली. केंद्र सरकार, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांचा मिळून ५१ टक्के आणि जुन्या ब्रिटिश कंपनीचा ४९ टक्के वाटा असलेली ‘मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड’, म्हणजे आजची ‘मॉइल’, स्थापन झाली. उरलेला वाटाही १९७७ साली सरकारने घेतला. तुमसर तालुक्यातील डोंगरी बुजुर्ग आणि चिखला या खाणी आजही तिच्याच.

सेलसाठी लागणारा दगड आणि भट्टीसाठी लागणारा दगड यांत फरक आहे. पोलादाच्या भट्टीला मँगनीज धातू हवा असतो. सेलला मँगनीज डायऑक्साइडच हवे असते, आणि त्यात लोह, तांबे, निकेल यांची भेसळ कमीत कमी हवी असते. शिवाय ते वीज नीट वाहत नसल्याने सेलमध्ये त्याबरोबर काजळीसारखी कार्बनची पूड मिसळावी लागते. ही अडचण ध्यानात ठेवावी. पुढे ती पुन्हा भेटते. डोंगरी बुजुर्ग येथे नंतर मॉइलने कारखानाही उभारला. अशा कारखान्यात मँगनीज आम्लात विरघळवून, गाळून, विजेच्या साहाय्याने पुन्हा शुद्ध डायऑक्साइडच्या रूपात पत्र्यावर जमवले जाते. दगड तोच, केवळ शुद्धतेसाठी एवढा खटाटोप.

आता त्याच १९६२ सालात, पण अमेरिकेत. डेलावेअर राज्यातील विल्मिंग्टन येथे ड्यूपॉन्ट कंपनीची संशोधनशाळा होती. तिथल्या रसायनज्ञांनी १९५७ साली टेट्रासायनोइथिलीन हे संयुग जगापुढे आणले होते. सायनो गट, म्हणजे कार्बन आणि नायट्रोजन यांची घट्ट जोडी, इलेक्ट्रॉन स्वतःकडे ओढते. अशा चार जोड्या एका सपाट रेणूला जोडल्या तर तो रेणू इलेक्ट्रॉनसाठी हपापलेला होतो. त्याच वाटेने पुढे जाऊन ॲकर, हर्टलर, मेल्बी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक नवा रेणू घडवला. नाव लांबलचक : टेट्रासायनोक्विनोडायमिथेन. रसायनज्ञांनीही कंटाळून त्याला ‘टीसीएनक्यू’ केले. १९६० साली त्याची छोटी वार्ता छापून आली आणि १९६२ साली अमेरिकन केमिकल सोसायटीच्या नियतकालिकात सविस्तर निबंध.

कृती फार अवघड नव्हती. सायक्लोहेक्झेनडायोन आणि मॅलोनोनायट्राइल यांचा संयोग घडवायचा, मग पिरिडिनच्या सान्निध्यात ब्रोमीनने त्यातले हायड्रोजन काढून घ्यायचे. हाती येतात गंजाच्या रंगाचे पिवळसर-तांबूस स्फटिक. हे अजून मीठ नव्हे, आणि ते वीजही वाहत नाही.

मीठ होते ते पुढच्या पायरीला. टीसीएनक्यूच्या उकळत्या द्रावणात लिथियम आयोडाइड घातले की आयोडाइडचा इलेक्ट्रॉन टीसीएनक्यूकडे जातो. द्रावण हिरवे होते आणि तळाशी गडद जांभळी पूड बसते. रेणूवर आता एक जास्तीचा इलेक्ट्रॉन आहे, म्हणून तो ऋण आयन झाला; आणि त्या इलेक्ट्रॉनला जोडीदार नाही, म्हणून तो ‘मूलक’ही आहे. अशा एकाकी इलेक्ट्रॉनची मूलके सहसा अल्पायुषी असतात, क्षणार्धात कशाशी तरी संयोग पावतात. टीसीएनक्यूचे ऋण मूलक मात्र बाटलीत भरून फळीवर ठेवता येते, कारण तो इलेक्ट्रॉन एका जागी न बसता साऱ्या रेणूवर पसरलेला असतो. नेहमीच्या मिठात सोडियमशेजारी क्लोराइड असते, तसे इथे लिथियमशेजारी हे मूलक.

ही कल्पना तशी जुनी. शिकागोचे मॅककॉय आणि मूर यांनी १९११ सालीच सेंद्रिय पदार्थांपासून धातूसारखे गुण मिळवण्याचा विचार मांडला होता. १९५४ साली जपानमधील अकामातू, इनोकुची आणि मात्सुनागा यांनी पेरिलीन आणि ब्रोमीन यांचा वीज वाहणारा संयोग दाखवला; पण तो टिकत नसे. टीसीएनक्यूची लवणे टिकली. खरा फरक पडला तो इथे.

सगळी लवणे सारखी वीज वाहत नाहीत. लिथियम किंवा पोटॅशियमच्या साध्या लवणात प्रत्येक रेणूमागे एक जादा इलेक्ट्रॉन असतो, आणि ते फारच दुबळे अर्धसंवाहक ठरतात. ट्रायइथिलअमोनियमसारख्या आयनाबरोबर मात्र दोन रेणूंमागे एकच जादा इलेक्ट्रॉन, असे ‘संकुल’ लवण तयार होते. त्याचे काळसर, चमकदार स्फटिक हजारो पटींनी सरस संवाहक निघाले. क्विनोलिनियमचे लवण तर त्याहूनही पुढे, सेंटिमीटरमागे १०० सीमेन्सच्या घरात पोचले.

कारण समजून घ्यायला एस.टी.ची गाडी पुरेशी आहे. प्रत्येक आसनावर एक प्रवासी बसला असेल तर कोणालाच पुढे सरकता येत नाही. सरकायचे तर दुसऱ्याच्या मांडीवर बसावे लागेल, आणि इलेक्ट्रॉनांना एकमेकांचा तिटकारा असतो. निम्मी आसने रिकामी असतील तर गाडीभर हालचाल शक्य होते. मात्र त्यासाठी आसने जवळ हवीत. टीसीएनक्यूचे सपाट रेणू स्फटिकात एकावर एक रचले जातात, भंडाऱ्याच्या बाजारात पितळी ताटांची चळत लावावी तसे. दोन ताटांमधले अंतर सुमारे ०.३२ नॅनोमीटर. इलेक्ट्रॉन चळतीच्या दिशेने सहज सरकतो. एका चळतीवरून शेजारच्या चळतीवर मात्र क्वचितच उडी घेतो.

म्हणून या पदार्थात ‘वीज किती वाहते’ या प्रश्नाला एकच उत्तर नसते. कोणत्या दिशेने मोजले, त्यावर उत्तर शेकडो पटींनी बदलते. यातूनच पुढचा सगळा घोळ झाला.

पण आधी एक विचारायला हवे : बाटलीतली काळी पूड खरोखर तेच लवण आहे, हे ठरवायचे कसे? या क्षेत्रातील बहुतेक मेहनत इथेच जाते, आणि कथाकथनात हाच भाग सहसा गाळला जातो. पहिली कसोटी मूलद्रव्यांच्या प्रमाणाची : पदार्थ जाळून कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन किती निघतात ते मोजायचे, त्यावरून एकास एक की एकास दोन, हे कळते. दुसरी प्रकाशाची. मूळ टीसीएनक्यूचे द्रावण ३९५ नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश शोषते, तर मूलकाचे द्रावण ८४० च्या जवळपासचा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारा अवरक्त. ४८० च्या आसपास उंचवटा दिसला तर समजावे की हवेतल्या ऑक्सिजनने घात केला आणि मूलक बिघडले. म्हणून ही कामे नायट्रोजनच्या वातावरणात करतात.

तिसरी कसोटी फार सुरेख आहे. सायनो गट स्प्रिंगसारखा कंप पावतो. टीसीएनक्यूच्या रेणूत त्या कंपनाची खूण अवरक्त वर्णपटात २२२७ या आकड्यापाशी दिसते (एकक : प्रति सेंटिमीटर). पूर्ण एक इलेक्ट्रॉन मिळालेल्या मूलकात ती २१८३ पर्यंत खाली येते. खूण या दोहोंच्या मध्ये कुठे पडते ते पाहिले की रेणूवर सरासरी किती इलेक्ट्रॉन आहे, याचा अंदाज निघतो. बरोबर मध्यावर पडली तर अर्धा इलेक्ट्रॉन. याखेरीज एकाकी इलेक्ट्रॉन चुंबकीय क्षेत्रात सूक्ष्मलहरी शोषतो. त्यावरून तो खरेच एकाकी आहे ना, याची खात्री होते.

आणि शेवटी संवाहकता. स्फटिक बहुधा सुईसारखा, काही मिलिमीटर लांब आणि केसाइतका बारीक. त्यावर केसाहून बारीक सोन्याच्या चार तारा चिकटवायच्या. बाहेरच्या दोन तारांतून प्रवाह सोडायचा, आतल्या दोन तारांमधला दाब मोजायचा. दोनच तारा वापरल्या तर जोडाचाच रोध मोजला जातो. चार तारांनी तो टळतो. ही पद्धत विश्वासार्ह मानली जाई, आणि बहुतेक पदार्थांत ती तशी आहेच.

१९६४ साली स्टॅनफर्डचे विल्यम लिटल यांनी एक तर्क मांडला होता : योग्य रचनेचा सेंद्रिय पदार्थ घडवला तर तो खोलीच्या तापमानालाही अतिसंवाहक होऊ शकेल, म्हणजे त्यातून वीज अजिबात रोध न होता वाहील. अनेक तरुण संशोधक या क्षेत्रात आले ते या एका वाक्यामुळे. १९७० साली फ्रेड वुडल यांनी टेट्राथायाफुल्व्हालीन, थोडक्यात टीटीएफ, या इलेक्ट्रॉन देणाऱ्या रेणूचे गुण दाखवून दिले. एक देणारा, एक घेणारा; दोघांची गाठ पडणे केवळ वेळेचा प्रश्न होता.

१९७३ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील फेरारिस, कोवन, वालात्का आणि पर्लस्टीन यांनी टीटीएफ-टीसीएनक्यू सादर केले. या लवणात टीटीएफच्या आणि टीसीएनक्यूच्या वेगवेगळ्या चळती शेजारी शेजारी उभ्या असतात, आणि दर रेणूमागे पूर्ण एक नव्हे तर सुमारे ०.५९ इलेक्ट्रॉन इकडून तिकडे गेलेला असतो. खोलीच्या तापमानाला संवाहकता सेंटिमीटरमागे ६५० सीमेन्सच्या आसपास. भंडाऱ्याच्या पितळेची दीड लाखाच्या आसपास असते, तेव्हा आकडा डोळे दिपवणारा वाटणार नाही. नवल होते ते तापमानाचे. अर्धसंवाहक थंड केला की वीज कमी वाहतो; हा पदार्थ थंड केला की जास्त वाहू लागला, अगदी धातूसारखा, ६० केल्व्हिनच्या जवळपासपर्यंत. त्याखाली मात्र तो अचानक विसंवाहक होई. पितळाचा कणही नसलेली ताटांची चळत धातूसारखी वागत होती.

त्याच वर्षी पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठातील ॲलन हीगर, अँथनी गॅरिटो आणि सहकाऱ्यांनी आपली मोजमापे जाहीर केली. त्यांच्या मोजक्या काही स्फटिकांत ५८ केल्व्हिनच्या सुमारास संवाहकता दहा लाखांच्या पुढे गेलेली दिसली. खोलीच्या तापमानातल्या तांब्याहूनही ती अधिक. अर्थ त्यांनी असा लावला की अतिसंवाहकतेची चाहूल लागली आहे. अतिसंवाहकतेच्या सिद्धांतासाठी वर्षभरापूर्वीच नोबेल मिळालेल्या जॉन बार्डीन यांनीही फ्रोलिश यांची १९५४ सालची कल्पना पुढे करून या निकालाला सैद्धांतिक आधार सुचवला. प्रयोगशाळांमध्ये धांदल उडाली.

आणि मग इतरांना तसे काही दिसेना. त्यांच्या स्फटिकांत संवाहकता वाढे, पण खोलीच्या तापमानाच्या दहा-वीस पटींपर्यंतच. फार थोड्या नमुन्यांत ती आकाशाला भिडे. नमुने अशुद्ध होते का? की ज्यांना दिसले त्यांचेच अधिक शुद्ध होते? हा वाद चिघळण्यासारखाच होता, कारण दोन्ही बाजूंना शुद्धतेचा मुद्दा स्वतःच्या बाजूने वापरता येत होता.

१९७४ साली शेफर, वुडल, थॉमस, फेरारिस आणि कोवन यांनी दुसरे स्पष्टीकरण दिले. यातले दोघे म्हणजे हे लवण पहिल्यांदा सादर करणाऱ्यांपैकीच. चळतीच्या दिशेने वीज शेकडो पटींनी जास्त वाहते, हे वर आलेच आहे. प्रवाह सोडणाऱ्या तारा सुईच्या पूर्ण टोकाला न लागता एका कडेला लागल्या, आणि दाब मोजणाऱ्या तारा समोरच्या कडेला, तर काय होईल? प्रवाह आपल्या कडेने सरळ निघून जाईल; समोरच्या कडेपर्यंत तो पसरणारच नाही. तिथल्या तारांना दाब जवळजवळ शून्य दिसेल. दाब शून्य म्हणजे रोध शून्य, आणि रोध शून्य म्हणजे संवाहकता अफाट, असा हिशेब कागदावर निघेल. थंडीत ही दिशांची तफावत वाढते किंवा स्फटिकाला बारीक चीर जाते, तेव्हा हा आभास ऐन मोक्याच्या तापमानाला उसळी घेतो. तारांची जागा थोडी चुकली की साध्या स्फटिकातून ‘चमत्कार’ काढता येतो, हे त्यांनी दाखवून दिले.

हीगर यांच्या गटाने आपली बाजू मांडली. पण १९७६ साली थॉमस यांच्या पुढाकाराने अनेक प्रयोगशाळांची मोजमापे एकत्र प्रसिद्ध झाली, आणि महाकाय शिखर बाजूला पडले. जे उरले तेही थोडेथोडके नव्हते. एकाच दिशेने वीज वाहणारी साखळी थंडीत स्वतःची रचना मोडून विसंवाहक होते, हे रुडॉल्फ पायर्ल्स यांनी दोन दशकांपूर्वी केवळ कागदावर मांडले होते. टीटीएफ-टीसीएनक्यूच्या स्फटिकात ५४ केल्व्हिनला घडणारा बदल त्याच जातीचा निघाला. अतिसंवाहकता शोधायला गेलेल्यांच्या हाती तिला आडवे येणारे कारण लागले. शोध म्हणून हे फळ काही कमी प्रतीचे नाही, जरी वर्तमानपत्रांना ते तेवढे रुचले नसेल.

सेंद्रिय अतिसंवाहक १९८० साली सापडला, तो फ्रान्स आणि डेन्मार्कमधील संशोधकांच्या सहकार्यातून. मात्र ते ऋण मूलकाचे नव्हे, धन मूलकाचे लवण होते, आणि त्यालाही प्रचंड दाबाखाली १ केल्व्हिनपर्यंत थंड करावे लागले. ऋण मूलकांच्या घराण्यात १९८६ साली वुर्त्सबुर्गच्या झिगफ्रीड ह्यूनिग यांच्या गटाने तांब्याचे एक लवण केले, त्याने थंडीत धातूपण सोडलेच नाही, ३.५ केल्व्हिनला त्याची संवाहकता पाच लाखांपर्यंत गेली. या वेळी आकडा खरा होता.

आता पुन्हा काळ्या दगडाकडे. विद्युत् मंडलांत कपॅसिटर नावाचा घटक असतो. तो थोडा विद्युत् भार साठवतो आणि गरजेला परत देतो. त्याच्या एका प्रकारात धातूवर अतिशय पातळ ऑक्साइडचा थर असतो आणि त्या थराच्या खाचाखोचांत शिरणारा, वीज वाहणारा पदार्थ लागतो. द्रव वापरला तर तो कालांतराने सुकतो. १९५० च्या दशकात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने टँटलम धातूवर मँगनीज डायऑक्साइडचा घन थर बसवला. तो खाणीतून आणून लावत नाहीत. मँगनीज नायट्रेटचे द्रावण मुरवून तापवले की जागच्या जागी डायऑक्साइड तयार होते. पण रसायन तेच, आणि डोंगरीच्या सेलमधली अडचणही तीच : संवाहकता सेंटिमीटरमागे जेमतेम ०.१ सीमेन्स.

टीसीएनक्यूच्या संकुल लवणाची १ च्या आसपास, म्हणजे दहापट. पण ते खाचांत भरायचे कसे? बहुतेक टीसीएनक्यू लवणे वितळण्याआधीच विघटित होतात. जपानच्या सान्यो कंपनीत ब्यूटिल आयसोक्विनोलिनियमचे लवण निवडले गेले. ते वितळते, आणि काही क्षण बिघडत नाही. त्या काही क्षणांत ॲल्युमिनियमची गुंडाळी त्यात बुडवायची आणि झटकन थंड करायची. १९८३ साली ‘ओएस-कॉन’ या नावाने हे कपॅसिटर बाजारात आले. ज्या लवणांवर वीस वर्षे निबंध लिहिले गेले, ती आता जपानी उपकरणांच्या पोटात बसली.

त्यांचे राज्य दीर्घ ठरले नाही. सायनो गट असल्याने ते लवण जळाले तर विषारी वायू निघण्याची भीती होती, आणि उष्णताही त्याला फारशी सोसत नसे. पुढे वीज वाहणाऱ्या प्लॅस्टिकांनी, म्हणजे संवाहक बहुवारिकांनी, त्याला हटवले. त्यांची संवाहकता १०० च्या घरात. या प्लॅस्टिकांचा मार्ग १९७७ साली ज्यांनी खुला केला, त्या तिघांना २००० सालचे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. हिदेकी शिराकावा, ॲलन मॅकडायर्मिड आणि तिसरे ॲलन हीगर. होय, तेच, ५८ केल्व्हिनच्या शिखराचे.

‘ओएस-कॉन’ हे नाव अजून विकले जाते, पण आत टीसीएनक्यू नाही. मँगनीज डायऑक्साइडचे टँटलम कपॅसिटर मात्र आजही बनतात. त्यात कुठे दोष उपजला तर तिथले डायऑक्साइड तापून ऑक्सिजन सोडते, कमी वीज वाहणाऱ्या ऑक्साइडात बदलते आणि तेवढीच जागा आपोआप बंद होते. वीज नीट न वाहण्याचा त्याचा जुना दोष इथे कामाला येतो. आणि तुमसर तालुक्यात डोंगरी बुजुर्गची उघडी खाण अजून चालू आहे.